बेळगावात मुक्काम कुठं करावा: खडेबाजार, कॅम्प की नेहरूनगर?

कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडीकडच्या पाहुण्यांचा फोन येतो, "आम्ही यायलोय, चांगलं हॉटेल कुठलं सांग." मी आधी विचारतो, काम काय आहे? बस्ता काढायचाय, पेशंट दाखवायचाय, की पोराची परेड आहे? कारण खोलीच्या दर्जापेक्षा खोली कुठल्या भागात आहे यावर इथला मुक्काम सोपा होतो किंवा अवघड होतो. बसस्टँड किल्ल्याजवळ, रेल्वे स्टेशन दुसऱ्या टोकाला कॅम्पच्या पलीकडं, मोठं इस्पितळ नेहरूनगरात आणि विमानतळ पूर्वेला सांबऱ्यात, साधारण 10 किलोमीटरवर. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी बोलून ठरवावं लागतं आणि रात्री उशिरा ते वाढतं. म्हणून हॉटेलांची नावं न सांगता भागांचीच तुलना करतो.

लग्नाचा बस्ता असेल तर खडेबाजार, मारुती गल्ली, गणपत गल्ली या पट्ट्यातला साधा लॉज सगळ्यांत बरा. साड्यांची गाठोडी खोलीवर टाकायची, चहा घ्यायचा, परत दुकानात जायचं. शहापुरात हातमागाच्या साड्या बघायच्या असल्या तरी रिक्षा जवळच पडते. इथं खोल्या स्वस्त असतात आणि पुष्कळ लॉजवर चोवीस तासांचा हिशेब चालतो, म्हणजे संध्याकाळी 5 ला आलात तर दुसऱ्या दिवशी 5 पर्यंत खोली तुमची. दुपारी बाराला खोली सोडायला लावणाऱ्या हॉटेलात याच मुक्कामाचे पाच तास जातात. काउंटरवर हे आधी विचारून घ्यावं.

उणीवा पण आहेत. गल्ल्या अरुंद, त्यामुळं स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याचे हाल होतात. गरम पाणी बऱ्याच ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेलाच. रस्त्याकडची खोली घेतली तर पहाटेपासून आवाज. आणि शिवजयंती, गणपती विसर्जन या दोन रात्री या भागात झोप विसरा. आमच्याकडं शिवजयंती वैशाखात तिथीनं होते, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ती बघायलाच येणार असाल तर मात्र इथंच उतरा, खिडकीतून अर्धी मिरवणूक दिसेल. विसर्जनाची गर्दी कपिलेश्वर तलावापर्यंत असते आणि रस्ते बंद होतात, तेव्हा सामान घेऊन निघायची वेळ त्या संध्याकाळी ठेवू नका.

कॅम्प, क्लब रोड, कॉलेज रोड हा दुसरा पट्टा. झाडी आहे, रस्ते रुंद आहेत, गाडी लावायला जागा मिळते. भाडं बाजारातल्या लॉजपेक्षा जास्त, पण लिफ्ट, जनरेटर, खालीच जेवणाची सोय, सकाळचा नाष्टा हे बहुतेक ठिकाणी मिळतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पोराची परेड बघायला सातारा-सांगलीकडून येणाऱ्या आईबापांना मी हाच भाग सांगतो. परेड सकाळी असते, म्हातारी माणसं बरोबर असतात, त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाहून धावतपळत येणं बरं नव्हे. वर्षभर वाट बघितलेला क्षण आहे तो, शंभर-दोनशे रुपयांसाठी त्यात घाई कशाला? रात्रीच्या रेल्वेनं उतरणाऱ्यांनाही हाच भाग सोयीचा.

एसीच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजायचे का, हे महिन्यावर ठरवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत पंखासुद्धा कमीवर ठेवावा लागतो. मार्च ते मे वेगळी गोष्ट. पावसाळ्यात एसीपेक्षा खोलीला ओल आहे का हे बघा, गादीवर हात फिरवून बघितलं की कळतं.

आता इस्पितळाचं, कारण सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. नेहरूनगरातल्या केएलईच्या इस्पितळात महाराष्ट्रातून आणि गोव्यातून रोज माणसं येतात. माझ्या आत्याचं ऑपरेशन होतं तेव्हा आम्ही पैसे वाचवायचे म्हणून काकांना बसस्टँडजवळच्या एका लॉजवर ठेवलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दिवसातून दोन-तीन वेळा रिक्षा, आणि एका रात्री अकराला वॉर्डातून बोलावणं आलं तर रिक्षा मिळेना. काका सत्तरीचे. ते चालत निघाले. ती रात्र आठवली की अजून मला स्वतःचा राग येतो. समजा बाजारातली खोली 900 ची आणि इस्पितळाजवळची 1,200 ची. रोजचं रिक्षाभाडं धरलं की तो 300 चा फरक उरतच नाही, उलट अंगावर पडतो. पेशंटजवळ राहणाऱ्याला चालत पोचता येईल अशीच खोली घ्या, मग ती साधी का असेना. तिथं फक्त अंघोळ आणि चार तास झोप हवी असते. किती दिवस लागतील ते ठाऊक नसतं, म्हणून आठवड्याचं भाडं वेगळं बोलून बघा. पेशंटलाही डिस्चार्जनंतर एखादी रात्र ठेवायचं असेल तर तळमजला किंवा चालू लिफ्ट आणि कमोड, या गोष्टी स्वतः वर जाऊन बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

हायवेला काकतीच्या बाजूला नवी मोठी हॉटेलं झाली आहेत. पुण्याहून बेंगळूरला गाडीनं जाताना एक रात्र थांबणाऱ्याला उत्तम. शहरात काम असेल तर नको. टिळकवाडीत लग्नाला येणाऱ्यांनी आरपीडी कॉर्नरच्या आसपास बघावं, कार्यालयं जवळ पडतात.

तारखेकडं मात्र नीट लक्ष असू द्या. हलग्याला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, 2012 साली झाली, आणि हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा मंत्री, अधिकारी, पोलीस यांच्यासाठी शहरातल्या खोल्या अडकून राहतात. अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं. त्या आठवड्यांत बसस्टँडवर उतरून खोली शोधू म्हणाल तर फिराल. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन, त्यामुळं चन्नम्मा चौकाकडचे रस्ते भरलेले असतात. सीमाभागात वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात, हे आपण वेळोवेळी बघितलंय. अशा दिवसांत रद्द करता येईल अशीच खोली घ्या, थोडी महाग पडली तरी.

मोबाइलवर खोली शोधताना बेळगाव आणि बेळगावी अशी दोन्ही नावं टाकून बघा. 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण काही हॉटेलं जुन्याच नावाखाली सापडतात. पाट्या मुख्यतः कन्नडमध्ये असतात, तेव्हा जवळची खूण फोनवर विचारून ठेवा. काउंटरवर मराठी बोललात तरी चालतं. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झालाय, आधी 12 होता. सांगितलेला भाव करासहित की कर वेगळा, हे फोनवरच विचारा.

आणि खानापूर, निपाणीकडच्या बायकांनी रात्रीच्या मुक्कामाची गरज आहे का तेही बघावं. शक्ती योजनेमुळं जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसला तिकीट लागत नाही. नुसता बस्ता असेल तर दोन दिवस येऊन-जाऊन होतो. खोलीचे ते पैसे एखाद्या साडीला लावा.