भगंदराच्या ऑपरेशनआधी: एमआरआय, सोनोग्राफी की हाताने तपासणी?

भगंदर म्हणजे गुदमार्गापासून बाहेरच्या त्वचेपर्यंत तयार झालेला पोकळ मार्ग, त्यालाच नाडी म्हणतात. तिचं बाहेरचं तोंड सगळ्यांनाच दिसतं, पण ऑपरेशन यशस्वी होणं आतल्या गोष्टींवर ठरतं. नाडीचं आतलं तोंड कुठे आहे, शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंमधून ती किती उंचीवर जाते, तिला फाटे फुटलेत का? फाटा राहून गेला तर भगंदर उलटतो आणि स्नायू जास्त कापला गेला तर ताबा सुटतो.

पहिल्यांदाच झालेला, एकाच तोंडाचा, वरवरचा भगंदर असेल तर अनुभवी सर्जनच्या बोटाला बरंच कळतं. तिथे एमआरआयचा आग्रह मी धरणार नाही. पण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 104 रुग्णांच्या तुलनेत नाडीचा प्रकार बरोबर ओळखला गेला तो हाताच्या तपासणीत 61, गुदमार्गातल्या सोनोग्राफीत 81 आणि एमआरआयमध्ये 90 टक्के वेळा.

ही सोनोग्राफी झटपट होते, आतलं तोंडही चांगलं दाखवते. मात्र प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, आत घालावा लागतो. गळू असेल तर ते फार दुखतं. शिवाय स्नायूंपासून लांब किंवा खूप वर गेलेले फाटे तिच्या टप्प्यात येत नाहीत. एमआरआयमध्ये सहसा आत काही घालावं लागत नाही आणि चरबीचा उजळपणा दाबून घेतलेल्या चित्रांत पू व सुजलेली नाडी पांढरी उठून दिसते, तर जुना व्रण काळपट राहतो. आधी ऑपरेशन झालेल्या माणसासाठी हा फरक लाखमोलाचा आहे. उलटलेल्या भगंदरावरच्या 2002 च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की एमआरआयच्या आधाराने ऑपरेशन केल्यास तो पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे 75 टक्क्यांनी घटतं. म्हणून उलटलेला भगंदर, एकाहून जास्त तोंडं किंवा क्रोन्स आजार (आतड्यांना सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशनला तयार होऊ नका, असं मी ठामपणे सांगेन.

फिस्टुलोग्राममध्ये, म्हणजे नाडीत औषध भरून काढलेल्या एक्स-रेमध्ये, स्नायू दिसतच नाहीत. सीटी स्कॅनमध्येही ते नीट वेगळे ओळखू येत नाहीत. खोल गळू तातडीने शोधायला तो उपयोगी.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं कुठलंही यंत्र असेल तर एमआरआयआधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाबद्दल, विचारा. नुसता ओटीपोटाचा एमआरआय नको. गुदमार्गाच्या रेषेत तिरके छेद घेतलेला, खास भगंदरासाठीचा हवा. ताप आणि ठणकणारं गळू असेल तर मात्र स्कॅनसाठी थांबू नका, आधी पू काढून घ्या. आणि सर्जनकडे जाताना रिपोर्टच्या कागदासोबत मूळ चित्रंही न्या.