कॉम्प्रिहेन्सिबल थाई: कान उत्तम तयार होतो, पण वर्णमाला थांबवून ठेवू नका

थाई शिकायला पैसे भरण्याआधी यूट्यूबवरचं ‘कॉम्प्रिहेन्सिबल थाई’ हे चॅनेल बघावं. ते फुकट आहे, आणि उच्चार व सूर कानात बसवण्याचं काम विकतच्या बहुतेक अ‍ॅपपेक्षा चांगलं करतं. शिक्षक चित्रं काढत, फोटो दाखवत, हातवारे करत फक्त थाईत बोलतात. इंग्रजीचा टेकू नाही, त्यामुळे मराठी माणसाला इंग्रजीमार्गे थाई शिकण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. अगदी नवख्यांसाठी ‘बी झीरो’ ही यादी आहे, त्यापुढे चढत्या पातळ्या. ही पद्धत बँकॉकच्या एयूए या भाषाशाळेत अमेरिकी भाषातज्ज्ञ जे. मार्विन ब्राउन यांनी १९८४ मध्ये सुरू केली: आधी भरपूर ऐका, बोलणं आणि वाचणं नंतर.

ऐकण्यावरचा हा भर योग्यच आहे. मध्य थाईत, म्हणजे बँकॉककडच्या प्रमाण थाईत, पाच सूर आहेत: मधला, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. ‘क्लाइ’ मधल्या सुरात म्हटलं तर लांब, उतरत्या सुरात म्हटलं तर जवळ. ‘खाव’ चढता असेल तर पांढरा, खालचा असेल तर बातमी, उतरता असेल तर भात. हे फरक पुस्तकातल्या खुणांवरून घशात उतरत नाहीत. तोच शब्द पंधरा मिनिटांच्या गप्पांत वीस वेळा कानावर पडला की उतरतात. ऐकताना इयरफोन लावा. सूर मोबाइलच्या स्पीकरवरही कळतो, पण शब्दाच्या शेवटचे क, त, प थाईत अर्धवट गिळलेले असतात आणि ते स्पीकरवर हरवतात. व्हिडिओचा वेग ०.७५ केला तरी सुराची उंची बदलत नाही, म्हणून सुरुवातीला तसं ऐकायला हरकत नाही. मात्र पुढच्या पातळीवर गेल्यावर ही सवय सोडावी, नाहीतर नेहमीच्या वेगाचं बोलणं कायम धावतं वाटत राहतं.

मराठी कानाला काही गोष्टी आयत्या मिळतात. क-ख, त-थ, प-फ हा भेद इंग्रजी बोलणाऱ्यांना छळतो, आपल्याला नाही. ॲ आणि ऑ हे दोन्ही स्वर थाईत आहेत. आपण अडतो ते वेगळ्या जागी. पहिली जागा म्हणजे फ. ‘फळ’मधला ओठ मिटून काढलेला फ आणि ‘फॅन’मधला दात टेकवून काढलेला फ हे थाईत दोन स्वतंत्र वर्ण आहेत. मिटल्या ओठांनी ‘फन’ म्हटलं तर हजार, दात टेकवून म्हटलं तर दात. सूर दोन्हींचा मधलाच, त्यामुळे सूर अचूक लागला तरी चूक झाकली जात नाही. दुसरी जागा ङ. तो आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. ‘ङू’ म्हणजे साप. तो ‘नू’ होऊ नये म्हणून ‘अंग’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथूनच शब्द सुरू करावा. तिसरी जागा ओठ न गोलावता काढलेला ऊ. ‘ई’ म्हणा, ओठ तसेच ताणलेले ठेवा आणि जीभ मागे सरकवा.

आता मतभेदाचा मुद्दा. ही पद्धत लिपी आणि विश्लेषण लांबणीवर टाकायला सांगते. ज्याला आपल्यासारखी वर्णमाला येत नाही त्याच्यासाठी ते ठीक असेल, मराठी वाचकाने मात्र हा सल्ला मानू नये. थाई अक्षरांचा क्रम क, ख, ग, घ, ङ हाच आहे, आणि अक्षर सुराच्या कोणत्या गटात पडतं हे बरंचसं त्या क्रमावरूनच ठरतं. प्रत्येक वर्गातलं पहिलं अक्षर ‘मध्य’ गटात, दुसरं ‘उच्च’ गटात, तिसरं, चौथं आणि पाचवं ‘नीच’ गटात. श, ष, स आणि ह उच्च. य, र, ल, व नीच. थाईंनी नंतर भर घातलेली काही अक्षरं वेगळी पाठ करावी लागतात, उदाहरणार्थ आजचे खरे द आणि ब हे मध्य गटात येतात.

दीर्घ स्वराने किंवा अनुनासिकाने संपणाऱ्या शब्दखंडावर सुराची खूण नसेल तर त्याचं पहिलं अक्षर उच्च गटातलं असता सूर चढता, बाकी दोन्ही गटांत मधला. ‘माइ एक’ ही खूण आली की मध्य आणि उच्च गट खालच्या सुरात जातात, नीच गट उतरत्या. ‘माइ थो’ आली की पहिले दोन उतरत्या, नीच गट वरच्या सुरात. क, त, प यांवर किंवा ऱ्हस्व स्वरावर संपणाऱ्या शब्दखंडांचे नियम निराळे, ते दुसऱ्या टप्प्यात घ्यावेत. परदेशी विद्यार्थी हे गट घोकून पाठ करतात, आपल्याला ते पहिलीतच मिळालेले आहेत.

मध्य थाईत वर्गातल्या तिसऱ्या अक्षराचा उच्चार आज दुसऱ्यासारखा होतो: नगर ‘नखॉन’, बुद्ध ‘फुत’, गुरू ‘ख्रू’. हे एकदा ध्यानात आलं की संस्कृत-पालीतून गेलेले शेकडो शब्द ओळखीचे होतात. आणि इथूनच थायलंडच्या उत्तरेच्या बोलीची वाट उघडते, जी चॅनेलच्या मुख्य पाठांत सापडणार नाही.

चिआंग माईकडच्या कम मुअङ बोलीत हेच तिसरं अक्षर महाप्राण न होता अल्पप्राण होतं. बाप मध्य थाईत ‘फॉ’, तिकडे ‘पॉ’. रस्ता ‘थाङ’ऐवजी ‘ताङ’, हत्ती ‘छाङ’ऐवजी ‘चाङ’. दुसऱ्या अक्षराचे शब्द मात्र महाप्राणच राहतात. ‘ख्रू’सारखी जोडाक्षरं आणि बरेच धार्मिक शब्द अपवाद आहेत. शहराचं नाव बँकॉकमध्ये खरं तर ‘छिअङ माइ’ असं ऐकू येतं. मराठीत आपण च लिहितो तो योगायोगाने तिथल्या स्थानिक उच्चाराजवळ जातो. या बोलीत सूर सहा आहेत.

थायलंडच्या ईशान्येची इसान बोली म्हणजे जवळपास शेजारच्या लाओसची लाओ भाषाच. तिथे फॉ, थाङ तसेच राहतात, पण छ चा स होतो आणि र चा ह: हत्ती ‘साङ’, प्रेम ‘रक’ऐवजी ‘हक’. नकाराला ‘माइ’ऐवजी ‘बॉ’, चविष्टला ‘सॅप’. बँकॉक आणि फुकेतमध्ये हॉटेलांत, टॅक्सीत, बांधकामांवर इसानी माणसं पुष्कळ आहेत, म्हणून मध्य थाईनंतर कान द्यायचा तर आधी या बोलीला द्यावा. दक्षिणेत शब्दाचं पहिलं अक्षर गळतं: बाजार ‘तलात’ऐवजी ‘लात’, चविष्ट ‘अरॉइ’ऐवजी ‘रॉइ’. शिवाय बोलण्याचा वेग फार. या तिन्हींत ही बोली कानाला सर्वांत अवघड जाते.

शिक्षकांचा उच्चार स्वच्छ असतो, बँकॉकच्या रस्त्यावरचा तसा नसतो. तिथे र चा ल होतो, जोडाक्षरं सुटतात: ‘अरॉइ’ ‘अलॉइ’ होतं, मासा ‘प्ला’ नुसता ‘पा’, पुरुषांचा आदरार्थी ‘ख्रप’ ‘खप’. म्हणून मध्यम पातळीला पोचल्यावर रोजच्या ऐकण्यातला तिसरा हिस्सा थाई मुलाखती आणि बाजारातल्या व्हिडिओंना द्या. स्वतः बोलताना र आणि जोडाक्षरं पूर्ण उच्चारा, कारण लिहिताना तीच लागतात. प्रादेशिक बोली आधी फक्त समजून घ्या आणि उत्तर मध्य थाईत द्या. ती सगळीकडे समजते. दोन बोलींचे सूर एकाच वाक्यात मिसळले तर ऐकणाऱ्याला शब्द कुठल्या बोलीचा धरायचा हेच कळत नाही.