उद्यमबागेत घडलेले पोलादी चिलखत: एका वेशभूषाकाराचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागात नाटकांची वेशभूषा भाड्याने देण्याचा माझा व्यवसाय आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतील जिवंत देखावे, शाळांची स्नेहसंमेलने आणि हौशी संस्थांचे प्रयोग यांना लागणारे जिरेटोप, अंगरखे, ढाली, तलवारी हे सारे माझ्याकडे असते; मात्र पत्र्याच्या तुकड्यांनी अंग झाकणारे युरोपीय धर्तीचे चिलखत माझ्याकडे कधीच चांगले नव्हते. गेल्या वर्षी गोव्याच्या एका हौशी संस्थेने पोर्तुगीज कप्तानाचे चिलखत मागितले. अफोंसो द आल्बुकर्कने १५१० साली गोवा आदिलशाहीकडून हिसकावून घेतला, तो त्यांच्या नाटकाचा विषय होता, आणि प्रेक्षक रंगमंचापासून चार-पाच हातांवर बसणार असल्यामुळे फायबरवर चंदेरी रंग मारून भागणार नव्हते. त्या निमित्ताने उद्यमबागेतील एका लहान कारखान्याकडून मी कमरेवरचे पूर्ण चिलखत करून घेतले. ते आता वर्षभर वापरात आहे, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

या कारखान्यावर पाटी नाही आणि जाहिरातही नाही. एरवी तेथे पंपांचे आणि हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग होतात, आणि त्या कामातून सवड मिळेल तशी चिलखते घडतात. काम करणारे दोघे आहेत. थोरल्या मिस्त्रींच्या घरी पूर्वी तांब्याच्या भांड्यांचे मठारकाम, म्हणजे हलक्या हातोड्याने ठोकून पृष्ठभाग सारखा करण्याचे काम, चालत असे, आणि धाकटा त्यांचा भाचा, आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेला. या दोन विद्या एकत्र आल्या म्हणूनच हे काम जमले आहे, असे माझे मत आहे. कारण चिलखताची छाती ही हंड्याच्या जातीची वस्तू आहे, आणि कोपर ही यंत्राच्या जातीची.

त्याआधी काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून तयार संच मागवला होता, त्याची आठवण येथे सांगणे भाग आहे. दिसायला तो आरशासारखा लखलखीत होता, पण साच्यात दाबून काढलेला, सर्वांना एकाच मापाचा. नटाने हात खांद्याच्या वर नेला की खांद्याचा पत्रा गळ्यात रुतत असे, कोपर निम्मेच वाकत असे, आणि खाली बसायचे म्हटले की छातीच्या पत्र्याची खालची कड पोटात घुसत असे. तीन प्रयोगांनंतर नटाने तो घालण्यास नकार दिला. तेव्हापासून तो माझ्या दुकानात शोभेसाठी उभा आहे. थोरल्या मिस्त्रींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘उभं राहून शोभायचं असलं तर कुठलाबी पत्रा चालतोय, मालक, वाकायचं असलं तर माप द्यायला पायजे.’’

माप देण्याचा प्रकार मी प्रथमच पाहिला. नटाला सोबत नेणे त्यांनी बंधनकारक केले आणि आत घालायचा गादीसारखा जाड डगला आधी शिवून आणण्यास सांगितले, कारण चिलखत अंगावर बसत नाही, डगल्यावर बसते. तो डगला कारखान्यात मिळत नाही. आम्ही तो एका पिंजाऱ्याकडून कापूस भरून, उभे टाके घालून करून घेतला आणि बाह्यांचे पत्रे टांगण्यासाठी खांद्याजवळ नाड्या लावल्या. युरोपातही नेमकी हीच रीत होती. बाह्यांचे वजन डगल्याला बांधलेल्या नाड्यांवर पेलले जात असे आणि छाती-पाठीचा भार बराचसा कमरेवर येत असे. म्हणूनच छातीचा पत्रा बेंबीच्या थोडा वर, कमर सर्वांत बारीक असते तेथे आवळला जाणे आवश्यक असते. धाकट्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापून ते नटाच्या अंगावर चिकटपट्टीने लावले आणि त्याला बसायला, वाकायला, तलवार उपसायला लावले. काखेजवळचा पुठ्ठा चार वेळा कापला गेला. पत्र्याला हात लागण्यापूर्वी या कामात दोन संध्याकाळी गेल्या.

शिरस्त्राणावरून आमचा थोडा वाद झाला. संस्थेने जे चित्र दिले होते, त्यात उंच तुरा असलेले, पुढे-मागे होडीसारखे निमुळते झालेले शिरस्त्राण होते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश शिपाई म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर हेच येते. मिस्त्रींच्या भाच्याने जवळचे छापील फोटो काढून दाखवले आणि हा प्रकार सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे रूढ झाला, १५१० साठी मागे मानेवर शेपूट उतरलेले सॅलेट जातीचे शिरस्त्राण शोभेल, असे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर होते. ग्राहक मागेल ते देऊन पैसे घेणे सोपे असते. येथे कारागिराने काळाचा हिशेब सांभाळला, याचे मला फार मोल वाटते.

छाती घडताना मी मुद्दाम एक दिवस तेथे बसून राहिलो. पुढच्या बाजूस १४ गेजचा, म्हणजे सुमारे २ मिलिमीटरचा सीआर (थंड अवस्थेत लाटलेला) पोलादी पत्रा आणि पाठीस १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा. फणसाच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर पत्रा धरून गोल तोंडाच्या जड हातोड्याने आधी तो आतून खोलगट करतात. या टप्प्यावर तो पोचे पडलेल्या जुन्या बादलीसारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की माल वाया गेला. ठोकून ठोकून पत्रा ताठर होतो. तसाच ठोकत राहिल्यास चिरतो, म्हणून मध्ये मध्ये तो लाल तापवून सावकाश निवू देतात. त्यानंतर गुळगुळीत घुमटाच्या ऐरणीवर पत्रा पालथा ठेवून थोरल्यांचे मठारणे सुरू झाले. हातोडा हलका, ठोका सारखा, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला निम्मा चढलेला. डावा हात पत्रा किंचित फिरवीत राहतो, हातोडा मात्र एकाच जागी पडतो. तासाभरात पोचे नाहीसे होऊन छातीला मध्यभागी एक सलग, दमदार फुगवटा आला. तो शोभेसाठी नसतो. समोरून आलेले टोक त्यावरून घसरून बाजूला जावे आणि आत श्वासाला जागा राहावी, ही दोन्ही कामे तो करतो. गळ्याची आणि काखेची कड बाहेर वळवून जाड केली आहे, तिचाही उपयोग तोच: घसरत आलेले टोक गळ्याकडे जाण्याआधी तेथे अडते.

या संचाचा खरा कस कोपरावर आणि खांद्यावर लागतो, आणि तेथे हे काम उत्तम उतरले आहे. कोपराच्या वाटीच्या वर-खाली दोन-दोन अरुंद पट्ट्या एकमेकींवर चढवल्या आहेत. त्यांतील काही रिव्हेटांची भोके गोल न ठेवता लांबट ठेवल्यामुळे हात दुमडताना पट्ट्या एकमेकींखाली सरकतात आणि हात सरळ केला की पुन्हा पसरतात. आतल्या बाजूने याच पट्ट्या चामड्याच्या वाद्यांवरही जडवल्या आहेत. उजव्या खांद्याचा पत्रा काखेजवळ मुद्दाम कमी केला आहे आणि डावा मोठा ठेवला आहे. घोड्यावरील भाला उजव्या काखेत धरला जाई आणि समोरचा वार बहुधा डाव्या अंगावर येई, म्हणून इटालियन चिलखतांत हा फरक आढळतो. आमच्या नाटकात घोडा नाही, तरीही तो पाळला गेला. नट या संचात जमिनीवर बसतो, हात टेकल्यावाचून उठतो आणि डोक्यावरून तलवार फिरवतो. चिलखत घातलेल्या सरदाराला घोड्यावर चढवण्यासाठी यारी लागत असे, ही समजूत ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा प्रयोग पाहावा.

वाद्यांसाठी अथणीहून आणलेले, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे वापरले आहे, जे कोल्हापुरी चपलांना लागते तेच. जुन्या काळच्या युरोपीय चामड्याची कमावणीही झाडांच्या सालींचीच होती, त्यामुळे हे ऐतिहासिकदृष्ट्या शोभते आणि वाकून वाकून मऊही होते. मात्र असे चामडे ओलसर लोखंडाला टेकले की काळे पडते, आणि पितळी बकलांभोवती हिरवट मेण साचते. पावसाळ्यात दर आठवड्याला ते पुसावे लागते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे वेळ. ७५ दिवसांत देण्याचा शब्द होता, प्रत्यक्षात ११० दिवस लागले. पंपांच्या भागांची मोठी ऑर्डर आली आणि आमचे काम बाजूला पडले. मला रंगीत तालीम चिलखताविना करावी लागली. दुसरी उणीव दस्तान्यांची. बोटांवरचे खवले चामड्याच्या पट्टीवर जडवलेले आहेत, पण अंगठ्याचा सांधा आखूड झाल्याने तलवारीची मूठ पूर्ण धरता येत नसे, आणि दुसऱ्याच प्रयोगात तर्जनीचे दोन खवले निसटून रंगमंचावर पडले. त्यांनी पैसे न घेता दुरुस्ती करून दिली आणि अंगठा नव्याने घडवला, पण हे हातात देण्यापूर्वीच तपासायला हवे होते. तिसरी गोष्ट शिरस्त्राणाची. जुनी सॅलेट बहुधा एकाच पत्र्यातून उठवलेली असत. येथे दोन अर्धी शकले शेंडीच्या रेषेवर वेल्डिंगने जोडून, घासून एकजीव केली आहेत. बाहेरून सांधा ओळखू येत नाही, आतून स्पष्ट दिसतो. हे त्यांनी भाव ठरवतानाच सांगितले होते आणि एकसंध हवे असल्यास ९,००० रुपये अधिक लागतील असेही सांगितले होते, म्हणून माझी तक्रार नाही. आतल्या फोमच्या गादीबद्दल मात्र आहे. ती घामाने महिन्याभरात कुजली आणि मला कापसाची शिवून घ्यावी लागली.

वजनाचे म्हणाल तर किराणा दुकानातील काट्यावर संपूर्ण संच १५ किलो १०० ग्रॅम भरला, त्यात शिरस्त्राण २ किलो ३०० ग्रॅमचे. पंधराव्या शतकातील डोक्यापासून पायापर्यंतचा रणातला पूर्ण संच साधारण २० ते २५ किलोचा असे. त्या मानाने कमरेवरचाच असलेला हा संच जड आहे. कारण उघड आहे. मिलान, आउग्सबुर्ग, इन्सब्रुक या युरोपीय शहरांतील त्या काळचे उत्तम कारागीर कार्बनयुक्त पोलाद वापरीत, त्यातील अनेक नगांना पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेले, असल्याचे धातुपरीक्षणात आढळले आहे, आणि छातीच्या मध्यभागी जाड व बगलांकडे पातळ अशी जाडी ते ठरवून ठेवीत. गिरणीतून आलेला आजचा पत्रा सर्वत्र सारखाच जाड असतो, मऊ असतो, आणि मऊपणाची भरपाई जाडीने करावी लागते. कार्बनच्या पोलादाचे काम घ्याल का, असे मी विचारले. एका शिरस्त्राणावर त्यांनी प्रयत्न केला होता, पण पाणी देताना ते वाकडे झाले, म्हणून ते काम सध्या घेत नाहीत, असे सरळ उत्तर मिळाले. ज्यांना खेळ म्हणून खरोखर एकमेकांवर वार करायचे आहेत, त्यांच्यासाठी हे चिलखत नाही, आणि मिस्त्री स्वतःच अशा गिऱ्हाइकांना परत पाठवतात.

मी एकूण ५८,००० रुपये दिले, निम्मे आगाऊ. तयार संच याच्या निम्म्या किमतीत येतो, हे मला ठाऊक आहे, आणि दुकानाच्या काचेमागे उभा करायचा असेल तर तोच घ्यावा. पण ज्या नटाला दोन तास ते अंगावर वागवायचे आहे, त्याच्यासाठी ही किंमत मला रास्त वाटते. ११० दिवसांतील हातोड्याचे तास मोजले तर ती कमीच आहे. झिलईच्या बाबतीत एक सूचना: बफ मारून आरसा करायचा की मठारण्याच्या पुसट खुणा ठेवायच्या, हे ते विचारतात. मी खुणा ठेवायला सांगितले. दिव्यांच्या उजेडात त्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या दिसतात आणि गंजाचा ठिपका घासून काढला तरी त्या जागी डाग उठून दिसत नाही.

गंज हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. खानापूरकडचा पाऊस सुरू झाला की पत्र्यावर रात्रीत तांबूस पूड धरते, विशेषतः पट्ट्या एकमेकींवर चढतात तेथे आणि नटाच्या बोटांचे ठसे उमटतात तेथे. प्रत्येक प्रयोगानंतर मी कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचा पातळ हात देतो, सांध्यांत पिचकारीने तेल सोडतो आणि जूनपूर्वी सर्वत्र मेण लावतो. प्लास्टिकच्या पिशवीत ते कधीही ठेवू नये. आतल्या आत घाम धरतो. सुती चादरीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवल्यास पावसाळा निभावतो.

छातीच्या पत्र्याच्या आत, डाव्या बाजूला, थोरल्या मिस्त्रींनी छिन्नीने एक बारीक मुद्रा ठोकली आहे: एक हातोडा आणि त्याखाली एक टिंब. मिलानच्या जुन्या संचांत वेगवेगळ्या भागांवर ते घडवणाऱ्या वेगवेगळ्या कारागिरांच्या मुद्रा सापडतात, हे भाच्याकडून कळल्यावर त्यांनी ही सुरू केली. दस्तान्यांवर मात्र ती नाही. ते भाच्याचे काम आहे, आणि अंगठा नीट जमेपर्यंत मुद्रा मिळणार नाही, असे त्यांनी त्याला माझ्यासमोरच सांगितले. दुसऱ्या संचाचे माप द्यायला मी येत्या महिन्यात नटासह जाणार आहे. या वेळी दस्ताने सर्वांत आधी करून हातात घालून पाहायचे, असे ठरले आहे.