सिंगापूरहून क्रूझ: आधीचा मुक्काम, नंतरचा दिवस आणि मधली ये-जा (मोसमभर वापरल्यानंतरचा अनुभव)

सिंगापूरहून क्रूझ घेणारी मराठी मंडळी सगळ्यात आधी विचारतात, "बोटीच्या जवळचं हॉटेल कोणतं?" मोठ्या बोटी जिथून सुटतात त्या मरिना बे क्रूझ सेंटरच्या आसपास राहण्यासारखं काहीच नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन आणि रुंद रस्ते. त्यामुळे नकाशावर किलोमीटर मोजून निवडलेलं हॉटेल इथे कामाला येत नाही. हॉटेल कोणत्या मेट्रो मार्गावर आहे, हे पाहावं. इथे राहून देशातून येणाऱ्या नातेवाइकांची सोय लावताना गेले कित्येक महिने हाच हिशोब वापरला जातोय. तो कुठे चालतो आणि कुठे फसतो, ते पुढे लिहिलं आहे.

आधी तिकिटावरचं टर्मिनल नीट वाचा. शहरात क्रूझची टर्मिनल दोन आहेत. मरिना बे क्रूझ सेंटर २०१२ साली सुरू झालं, मोठ्या बोटी तिथेच लागतात. दुसरं हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. तिथे डोक्यावरून सेंटोसाची केबल कार जाते, म्हणून ५२ मीटरपेक्षा उंच बोट आत येऊ शकत नाही. इंडोनेशियातल्या बाताम बेटाच्या बऱ्याच फेरीही हार्बरफ्रंटहून सुटतात, त्यामुळे नुसतं 'क्रूझ सेंटर' सांगितलं तर टॅक्सीवाला तुम्हाला तिकडे नेण्याची शक्यता मोठी. मरिना नावाचा घोळ त्याहून मोठा आहे. मरिना बे हे मेट्रो स्टेशन, मरिना बे सँड्स हे तीन मनोऱ्यांचं हॉटेल, मरिना साउथ पिअर हा जवळच्या छोट्या बेटांवर जाणाऱ्या लाँचेसचा धक्का, आणि मरिना बे क्रूझ सेंटर ही आपली जागा. टॅक्सीत बसताना पत्ताच दाखवावा: ६१ मरिना कोस्टल ड्राइव्ह.

या टर्मिनलला सगळ्यात जवळचं स्टेशन मरिना साउथ पिअर. उत्तर-दक्षिण म्हणजे लाल मार्गावरचं हे शेवटचं स्टेशन, क्रमांक एनएस२८. तिथून टर्मिनलपर्यंत बॅग ओढत आठ-दहा मिनिटं. हार्बरफ्रंटच्या टर्मिनलसाठी त्याच नावाचं स्टेशन आहे, जांभळ्या मार्गावरचं एनई१, आणि ते थेट व्हिवोसिटी मॉलखाली निघतं.

आता राहायचं कुठे. आपल्या लोकांचा ओढा लिटल इंडिया आणि फॅरर पार्ककडे असतो, आणि तो बरोबरही आहे. शाकाहारी खाणावळ कोमला विलास १९४७ पासून सेरंगून रोडवर आहे, बेलिलिओस रोडला कुलाब्याच्याच कैलाश पर्बतची शाखा आहे, मुस्तफा हे खरेदीचं मोठं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. शाकाहारी आणि जैन जेवणाची काळजी इथे मिटते, आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. बोट हार्बरफ्रंटहून असेल तर फॅरर पार्कसारखी जागा नाही: जांभळ्या मार्गाची गाडी पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, मध्ये बदल नाही. मरिना बे टर्मिनलसाठी मात्र धोबी घाट स्टेशनवर (हो, नाव हेच) गाडी बदलावी लागते, आणि तिथला बदल लांबचा आहे. सरकत्या जिन्यांचे टप्पे संपतच नाहीत, आणि मोठ्या बॅगांसाठी लिफ्ट शोधत फिरावं लागतं. दोन माणसं आणि दोन मध्यम बॅगा असतील तर जमतं. चार माणसं, चार मोठ्या बॅगा आणि एक खाऊची पिशवी असेल तर त्या दिवशी टॅक्सीच करा.

मरिना बे टर्मिनलसाठी सोयीचा भाग सिटी हॉलच्या आसपासचा. तिथून लाल मार्गावर रॅफल्स प्लेस, मरिना बे आणि मरिना साउथ पिअर, एवढंच. विमानतळाहून येतानाही सिटी हॉल हिरव्या मार्गावरच पडतं. खोल्या मात्र महाग.

आमचा कौल तिसऱ्याच जागेला, आउट्रम पार्क आणि चायनाटाउनला. आउट्रम पार्कवर हिरवा, जांभळा आणि तपकिरी असे तीन मार्ग एकत्र येतात. हार्बरफ्रंट जांभळ्या मार्गावर एकच थांबा, कारण एनई२ क्रमांकाचं स्टेशन बांधलेलंच नाही. तपकिरी मार्गाने मॅक्सवेल, शेंटन वे, मरिना बे. तिथे लाल मार्ग घेतला की पुढचंच स्टेशन मरिना साउथ पिअर. दोन्ही टर्मिनलना चालणारा भाग हाच. भारतीय जेवणाचे पर्याय लिटल इंडियापेक्षा कमी आहेत, पण लिटल इंडिया जांभळ्या मार्गावर चौथं स्टेशन आहे, रात्री जेवून परत येता येतं. १८२७ सालचं श्री मरियम्मन मंदिरही इथल्याच साउथ ब्रिज रोडवर आहे.

हॉटेल ठरवताना संकेतस्थळावरच्या फोटोंवर जाऊ नका, चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, खिडकी. इथल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकल्या जातात, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरी, लिफ्ट. लिटल इंडिया आणि चायनाटाउनमधली बरीच छोटी हॉटेलं जुन्या दुकानघरांत आहेत; काहींना लिफ्ट नसते, आणि समोरच्या पडवीला दर दुकानापाशी पायरी चढ-उतार असतो. ट्रॉली बॅगेची चाकं तिथेच मोडतात. तिसरी, तीन मोठ्यांसाठी खोली. 'ट्रिपल' लिहिलेलं असलं तरी तिसऱ्याला काय मिळणार, खाट की गादी, आणि ती टाकल्यावर बॅग उघडायला जागा उरते का, ते लेखी घ्या. चौथी, दरापुढची ती दोन अधिक चिन्हं. २०० डॉलर ++ याचा अर्थ आधी १० टक्के सेवा शुल्क, मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. म्हणजे २३९ डॉलर ८० सेंट. सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरला तर रात्रीमागे पावणेतीन हजारांचा फरक पडतो.

आणखी एक घोळ वेळेचा. मुंबईहून रात्री निघणारी विमानं इथे सकाळी उतरतात, घड्याळ अडीच तास पुढे गेलेलं असतं, आणि खोली मिळते दुपारी दोन किंवा तीनला. बॅगा हॉटेलवर ठेवून फिरता येतं, पण रात्रभर न झोपलेल्या ज्येष्ठांना घेऊन ते करू नये. त्यांच्यासाठी आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या, किंवा दिवसाचं विमान पाहा. बोटीच्याच दिवशी सकाळी उतरून दुपारी बोट गाठायचा बेत कागदावर जमतो, पण विमान चार तास उशिरा आलं तर बोट थांबत नाही. एक रात्र आधी यावंच.

विमानतळाहून मेट्रोने येताना ताना मेराह स्टेशनवर गाडी बदलून हिरव्या मार्गावर या. दुसरा रस्ता एक्स्पो स्टेशनवरून निळ्या मार्गाचा, आणि नकाशावर तो थेट लिटल इंडियाला जाताना दिसतो. जातोही, पण जालान बेसार स्टेशननंतर तो चायनाटाउन, बेफ्रंट, बुगिस असा अख्ख्या शहराला वळसा घालून येतो. लिटल इंडियात राहायचं असेल तर जालान बेसारलाच उतरून चालत जावं, किंवा हिरव्या मार्गाने बुगिसला येऊन निळ्या मार्गावर दोन थांबे घ्यावेत. शहराकडे येणारी शेवटची गाडी विमानतळावरून रात्री सव्वाअकराच्या सुमारास सुटते. त्यानंतर टॅक्सी, आणि मध्यरात्री बारा ते सकाळी सहा मीटरवर ५० टक्के जास्त.

तिकिटाचं म्हणाल तर एका फेरीचं कागदी तिकीट २०२२ मध्ये बंद झालं. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर लावता येतं. परदेशी कार्डावर ज्या दिवशी प्रवास कराल त्या दिवसाचे ६० सेंट जादा लागतात, शिवाय आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. गेट उघडत नसेल तर बहुतेक वेळा दोष कार्डाचा नसतो: भारतीय बँकांत परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय मुळात बंद असतात, ते निघण्याआधी ॲपमधून चालू करायचे. माणशी एक कार्ड लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. आत जाताना कार्ड लावलं आणि बाहेर पडताना फोन लावला, खातं तेच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि भाडं चुकतं. बसमध्ये उतरतानाही कार्ड लावायचं. विसरलात तर त्या बसच्या मार्गाचं पुढचं सगळं भाडं कापलं जाऊ शकतं. आई-बाबांकडे असं कार्ड नसेल तर स्टेशनवर ईझी-लिंक हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या: १० डॉलर, त्यातले ५ कार्डाचे, ते परत मिळत नाहीत. शहरातल्या फेऱ्या दीड ते अडीच डॉलरच्या असल्यामुळे पर्यटक पास वसूल करायला दिवसाला आठ-दहा वेळा चढ-उतार करावी लागते. क्रूझच्या आधी एक-दोन दिवस राहणाऱ्याने त्या फंदात पडू नये. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोफत. गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. बॅगेच्या आकाराला मर्यादा आहे, पण नेहमीची मोठी बॅग त्यात बसते. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते सात मात्र बॅगा घेऊन मेट्रोत शिरू नका.

टॅक्सीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतात, तिसरी कशीबशी. चौघांसाठी सहा आसनी गाडीच मागवावी. लहान मूल असेल तर एक नियम लक्षात ठेवा: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ग्रॅब या ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीत चाइल्ड सीट लागते, मीटरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. ग्रॅबचा चालक सीटशिवाय मुलाला घ्यायला नकार देतो, आणि तो बरोबर असतो. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात सुट्टीवरच्या कामगारांची इतकी गर्दी असते की गाडी आत येईपर्यंत वेळ जातो. दोन गल्ल्या चालून मोठ्या रस्त्यावर गाडी बोलवा.

बोटीवर चढण्याचा दिवस सोपा असतो. कंपनीने दिलेल्या वेळेतच पोचावं, फार लवकर गेलं तर नुसतं बसून राहावं लागतं. मोठ्या बॅगा पट्टी लावून खाली हमालांकडे द्यायच्या, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत राहिला तर पुढचं सगळं थांबतं.

खरी कसोटी परतीच्या दिवशी. आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्याआधी सकाळचे कपडे बाजूला काढा. स्वतःची बॅग स्वतः उचलून उतरायचा पर्याय असेल आणि ताकद असेल तर तोच घ्या, सगळ्यात आधी बाहेर पडाल. बोट सकाळी लागते आणि हजारो माणसं दोन-तीन तासांत एकाच दाराने बाहेर येतात. इमिग्रेशनची रांग, मग टॅक्सीची रांग, ग्रॅबचे दर चढलेले. अशा वेळी मरिना साउथ पिअर स्टेशन कामाला येतं: गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते, आणि सिटी हॉलला समोरच्याच प्लॅटफॉर्मवर पूर्वेकडे जाणारी हिरव्या मार्गाची गाडी मिळते. विमानतळापर्यंत साधारण तास धरा. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नये, हे मत इतक्या महिन्यांत बदललेलं नाही.

कागदपत्रांतली एक गोष्ट लोक विसरतात. बोट मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत येते तेव्हा तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता. व्हिसा अनेक प्रवेशांचा आणि परतीच्या तारखेलाही वैध हवा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्मही परतीसाठी नव्याने भरायचं, आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत. ते फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा. सिगारेटला करसवलत अजिबात नाही, आणि ई-सिगारेट बाळगणं हाच गुन्हा.

विमान रात्रीचं असेल तर मधल्या दिवसाचं काय? आधी राहिलात तेच हॉटेल बॅगा सांभाळतं, बहुतेक ठिकाणी विनाशुल्क, पण निघतानाच विचारून चिठ्ठी घ्या. शहरात काही पाहायचं राहिलं नसेल तर सरळ विमानतळ गाठा, तिथल्या बॅगा ठेवायच्या काउंटरवर नगावर पैसे भरून बॅगा द्या आणि विमानतळावरच्या ज्युएल मॉलमध्ये वेळ काढा. ४० मीटरचा तो धबधबा तिथेच आहे. ज्युएल टर्मिनल १ ला लागून आहे, २ आणि ३ ला चालत जाता येतं, ४ ला बसने जावं लागतं; म्हणून बॅगा ठेवण्याआधी तिकिटावरचं टर्मिनल बघून घ्या.

मुस्तफातून क्रूझच्या आधी केलेल्या खरेदीचा जीएसटी परतावा बोटीवर चढताना मिळत नाही, कारण बोट इथेच परत येणार असते. तो शेवटी विमानतळावर मागायचा. त्यासाठी वस्तू न वापरलेल्या, पावत्यांसह आणि चेक-इन करण्याआधी दाखवता येतील अशा ठेवा. एका दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी लागते, आणि खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत वस्तू देशाबाहेर जायला हव्यात. सोनं आणि घड्याळ मोठ्या बॅगेत भरून ती आधीच बॅगा ठेवायच्या काउंटरवर दिली असेल तर परताव्यासाठी ती पुन्हा सोडवून आणावी लागते.