जुन्या व्हीबी सॉफ्टवेअरला यूएसबी जीपीआयबी कार्ड दिसेना: ८ महिन्यांचा अनुभव

यूएसबी जीपीआयबी कार्ड, म्हणजे मोजमापाची उपकरणं पीसीला जोडणारं कार्ड, आठ महिने रोज वापरून झालं, म्हणून आता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका, पैसे पाण्यात" असं लिहिलं असतं आणि ते कार्डावर अन्याय करणारं झालं असतं.

अंधेरी एमआयडीसीत आमची छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणारी. बेंचवर ३४५८ए आणि ३४४०१ए हे मल्टिमीटर आणि ५५००ए कॅलिब्रेटर, तिन्ही एका जीपीआयबी केबलच्या चेनमधे, आणि त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ चं, आमच्याच एका जुन्या इंजिनिअरनी एक्सपीच्या काळात लिहिलेलं. मागच्या पावसाळ्यात तो पीसी गेला, उघडून बघितलं तर मदरबोर्डच्या पिनांवर हिरवं चढलेलं. नवीन पीसी आणला तर त्यात पीसीआय स्लॉटच नाही, जुनं कार्ड लावणार कुठे? मग यूएसबीचं घेतलं.

लॅमिंग्टन रोडला दोघातिघांनी सांगितलं की सॉफ्टवेअरच नवीन लिहून घ्या. पण ज्यांची लॅब एनएबीएलखाली (लॅबना मान्यता देणारी संस्था) आहे त्यांना माहितीये, आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे सॉफ्टवेअर वापरात आणायच्या आधी व्हॅलिडेट करावं लागतं, म्हणजे प्रत्येक फॉर्म्युला, प्रत्येक अनसर्टन्टीचं (मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं त्याचं) गणित, रिपोर्टचा फॉरमॅट, सगळं परत. साहेब एवढंच म्हणाले, "सॉफ्टवेअरला हात लावू नकोस, कार्ड त्याला दिसेल असं कर."

कार्ड लावलं, ड्रायव्हर टाकला, हिरवा लाइट लागला, कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधे ३४४०१ए लगेच नावासकट आला. आणि आमचा प्रोग्रॅम उघडला की "जीपीआयबी एरर ०". तीन दिवस तेच. ड्रायव्हर काढ, टाक, पीसी रिस्टार्ट कर, यूएसबी पोर्ट बदल.

मग जुना सोर्स कोड शांतपणे वाचला तेव्हा कळलं की आमचा प्रोग्रॅम कार्ड शोधतच नाही. त्याला फक्त दोन गोष्टी माहीत: जीपीआयबी-३२ नावाची डीएलएल (प्रोग्रॅम ज्यातून ड्रायव्हरशी बोलतो ती फाइल) आणि बोर्ड नंबर ०, म्हणजे कार्डाचा नंबर. एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या ४८८.२ पद्धतीने लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमांचं असंच असतं. आमचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, पण त्याच्या सेटिंगमधे "४८८ प्रोग्रॅमसाठी हे कार्ड वापरा" अशा अर्थाची एक टिक असते, ती केली की त्याच नावाची त्यांची डीएलएल विंडोजमधे बसते. टिक केली. तरी एरर ०!

आता खरी गंमत, म्हणजे ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. प्रोग्रॅमचं फोल्डर जुन्या हार्डडिस्कवरून जसंच्या तसं कॉपी केलं होतं आणि त्यातच जीपीआयबी-३२ ची एक जुनी कॉपी पडलेली होती, तारीख २००३ ची. विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रॅमच्या फोल्डरमधे बघतं, नंतर सिस्टिमच्या. त्यामुळे आम्ही बाहेर काहीही केलं तरी प्रोग्रॅम आपली घरातलीच जुनी फाइल उचलायचा आणि ती बिचारी नसलेल्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर शोधत बसायची. त्या फाइलचं नाव बदललं, प्रोग्रॅम परत उघडला, आणि एरर आली ७.

मला त्या ७ चा जो आनंद झाला तो दुसऱ्या कोणाला समजावून सांगता येईना. ० म्हणजे ड्रायव्हरशीच बोलणं होत नाहीये, ७ म्हणजे ड्रायव्हर भेटला पण त्या नंबरचा बोर्ड नाही. कारण सोपं निघालं: आधी दोन दिवस ओळखीच्या लॅबमधून उसनं कार्ड आणून बघितलं होतं, त्याने नंबर ० घेतला आणि ते परत केल्यावरही यादीत त्याचं नाव राहिलं, म्हणून आमचं कार्ड झालं १. जुनी नोंद उडवली, आपल्याला ० दिला. मग एरर २, म्हणजे त्या ॲड्रेसवर (चेनमधल्या प्रत्येक उपकरणाचा नंबर) ऐकणारं कोणी नाही. ३४५८ए च्या मागे हात घातला तर केबलचा एकच स्क्रू लागलेला आणि कनेक्टर तिरका. दोन्ही स्क्रू हाताने आवळले आणि १० व्होल्टचं पहिलं रीडिंग स्क्रीनवर आलं. जीव भांड्यात पडला.

कार्ड आणि पीसी बदलला म्हणून तपासणी करावी लागलीच, पण ती जुन्या प्रिंट काढलेल्या रीडिंगशी ताडून दोन दिवसांत झाली.

पुढच्या महिन्यांत जे जाणवलं ते. लंचला गेलो की मधेच कार्ड गायब व्हायचं, सकाळपासून लावलेला रन अर्धवट. पॉवर ऑप्शनमधे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी झोपवणारी सेटिंग) चालू होतं, ते बंद केलं, त्यानंतर एकदाही नाही. नंतर एक सेकंडहँड ३४४०१ए आणला, तो फॅक्टरीच्या २२ ॲड्रेसवर, आणि आमचा ३४५८ए पण २२ वर, दोघं एकदम बोलायला लागले आणि रीडिंगं भलतीच. नवीन मीटर चेनमधे घ्यायच्या आधी त्याच्या पुढच्या पॅनलवरून ॲड्रेस बघाच. चेनमधली अर्ध्याहून जास्त उपकरणं चालू ठेवा, नाहीतर बस, म्हणजे सगळ्यांची सामाईक लाइन, अडकू शकते. आणि कार्डाचं सॉफ्टवेअर स्कॅन करताना सगळ्यांना आयडीएनचा ("तू कोण?" असा) प्रश्न विचारतं, ३४५८ए ला तो कळत नाही, त्याची जुनी भाषा वेगळी, त्याला नुसतं आयडी आणि प्रश्नचिन्ह पाठवायचं. तो यादीत ओळख न पटलेला दिसला तरी घाबरू नका, मीटर चांगला असतो.

वेगात मला तरी फरक जाणवला नाही, आमचं बहुतेक काम १०० एनपीएलसीवर, म्हणजे एक रीडिंग विजेच्या १०० सायकलइतका वेळ, आपल्या ५० हर्ट्झला तसेही २ सेकंद, ऑटोझिरोसकट (मीटर स्वतःचा शून्यही मोजतो) ४, त्यात कार्डाचा वेळ कुठे मोजणार. एक मात्र खटकतं, कार्ड थेट मीटरच्या मागे लावलं की त्याच्या वजनाने कनेक्टर खाली ओढला जातो. आम्ही खालून लाकडाचा ठोकळा दिलाय.

२००३ ची ती डीएलएल पेन ड्राइव्हवर काढून ठेवलीये, आणि पीसीच्या आत झाकणाला चिठ्ठी चिकटवलीये: प्रोग्रॅमचं फोल्डर कॉपी कराल तर ही फाइल सोडून.