जगभरचे ब्रेड, एक लहानशी भट्टी: बरेच महिने खाल्ल्यानंतरचा अनुभव

नव्या बेकरीबद्दल पहिल्या आठवड्यात दिलेलं मत फारसं कामाचं नसतं. तेव्हा सगळंच ताजं आणि अपूर्वाईचं असतं. ब्रेडची खरी पारख होते ती तो रोजच्या खाण्यात आल्यावर. दुसऱ्या दिवशी तो कसा राहतो, दर वेळी तसाच निघतो का, गर्दीच्या दिवशी घाईत कच्चा काढला जातो का, हे कळायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मी या बेकरीबद्दल लिहायला मुद्दाम थांबले. आता महिने उलटले, घरातले सगळेच तिथलं खातात, आणि मत पक्कं झालं आहे.

बेकरी नवरा-बायको मिळून चालवतात, हाताखाली मोजकी माणसं. दोघांनी बरीच वर्षं देशोदेशी फिरून, काही ठिकाणी भट्टीवर उमेदवारी करून काम शिकलं आणि मग हे दुकान थाटलं. फळ्यावर आठवड्याचं वेळापत्रक लिहिलेलं असतं: कोणत्या वारी जर्मन राय (राय या गव्हासारख्या धान्याचा ब्रेड), कधी जपानी दुधाचा ब्रेड, कधी लेबनॉनची मनाकीश. पहिल्यांदा जाणारा या नावांनीच भुलतो. मला मात्र हळूहळू एक गोष्ट दिसत गेली. ज्या पदार्थाची रीत त्यांनी शिकून घेतली आहे तो अव्वल उतरतो. ज्याची फक्त चव उचलून दुसऱ्याच कशावर लावली आहे तो जेमतेम बरा होतो, कधी तेवढाही नाही.

रायपासून सुरुवात करते, कारण मी या बेकरीची कायमची गिऱ्हाईक झाले ती त्याच्यामुळे. काळा, जड, विटेसारखा लोफ. वर पिठाची पांढुरकी साय आणि तिला गेलेल्या बारीक भेगा. एकदा सकाळी गेले तर फळीवर नुकते निघालेले चार लोफ दिसत होते, पण बाई ते सहजासहजी द्यायला तयार नव्हत्या.

"ताई, समोर तर दिसतोय. द्या की एक."

"हा आजचा आहे, आज कापलात तर सुरीला चिकटेल. नेणार असाल तर न्या, पण फडक्यात गुंडाळून ठेवा आणि उद्या दुपारनंतरच सुरी लावा."

समोर उभ्या गिऱ्हाइकाला असं सांगायला धीर लागतो. आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. रायच्या पिठात गव्हासारखी ग्लूटेन या प्रथिनाची लवचीक जाळी तयार होत नाही. पीठ धरून ठेवण्याचं काम त्यातला स्टार्च आणि पाणी शोषून घेणारे चिकट तंतुमय घटक करतात. शिवाय रायमधली स्टार्च तोडणारी विकरं (एन्झाइम) भट्टीतही बराच वेळ जागी राहतात. त्यांना आवर घातला नाही तर ब्रेड आतून लगद्यासारखा होतो. आवर घालते ती आंबट स्टार्टरमधली, म्हणजे आंबवून ठेवलेल्या पिठाच्या विरजणातली आम्लता. म्हणून उत्तर आणि पूर्व युरोपात राय आंबवूनच भाजायची परंपरा पडली. तिथल्या भट्टीवाल्यांना विकरं ठाऊक नव्हती, पण परिणाम रोज हाताला लागत होता. भाजून झाल्यावरही आतला ओलावा सगळीकडे सारखा पसरायला वेळ लागतो, तोवर काप नीट पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कापला तेव्हा काप पातळ, एकसंध आणि किंचित ओलसर पडला. वास आंबूस, पाठोपाठ भाजलेल्या माल्टचा गोडवा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारे धने. धने घातलेला हा प्रकार बोरोदिन्स्की या रशियन राय ब्रेडच्या धर्तीवरचा. त्यावर लोणी आणि मीठ, एवढंच पुरतं. आठवडाभर तो उत्तम राहतो, माझ्या मते तिसऱ्या दिवशी सर्वांत चांगला लागतो. मधून मधून ते पंपरनिकलही करतात. जर्मनीतल्या वेस्टफालियाचा हा राय ब्रेड मंद आचेवर किमान १६ तास ठेवायचा असतो. एवढा वेळ भट्टी अडकवणं लहान दुकानाला परवडत नाही, म्हणून तो सुट्टीच्या आदल्या रात्री भट्टीत जातो. त्याचा काळा रंग रंग घालून आणलेला नाही, तो त्या लांब, मंद भाजणीतूनच येतो. हे चवीवरूनही कळतं.

जपानी दुधाचा ब्रेड, म्हणजे शोकुपान, मुलांचा आवडता. यात पिठाचा एक भाग पाचपट पाण्यात कालवून ६५ अंश सेल्सियसपर्यंत शिजवतात, त्याची खळ होते आणि ती थंड करून बाकीच्या पिठात मळतात. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. त्यामुळे ब्रेड लुसलुशीत होतो आणि तीन-चार दिवस तसा राहतो. बाजारातल्या मऊ ब्रेडचा मऊपणा बरेचदा पाकिटावर छापलेल्या लांबलचक घटकांमधून आलेला असतो. इथे तो या खळीतून येतो. हाताने फाडला की कापसासारखे लांब धागे सुटतात. मी घरी काही आठवडे ताडून पाहिलं: कापडी पिशवीत ठेवलेला लोफ चौथ्या दिवशीही न भाजता खाता आला.

त्याच पिठातून ते आनपानही करतात, आत लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांचं गोड पुरण. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे की टोकियोच्या गिंझा भागातल्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये हा प्रकार काढला आणि पुढच्या वर्षी तो मेइजी सम्राटाला देण्यात आला. ही माहिती बरोबर आहे. पण त्या मूळ आनपानचं पीठ यीस्टऐवजी साके ही जपानी तांदळाची दारू बनवताना वापरतात त्या तांदळाच्या विरजणाने फुगवलं होतं, आणि तिथल्या चवीचं मर्म त्यात आहे. इथे साधं यीस्ट वापरतात. चांगला लागतो, पण चिठ्ठीवर एवढा इतिहास लिहिला आहे तर हेही लिहावं.

चिठ्ठ्यांबद्दल माझी तक्रारच आहे. क्रोसाँच्या चिठ्ठीवर अजूनही तुर्कांनी १६८३ मध्ये व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याची गोष्ट आहे: पहाटे उठणाऱ्या भट्टीवाल्यांनी शत्रूचं भुयार ओळखलं आणि विजयाची आठवण म्हणून चंद्रकोरीचा पाव काढला. गोष्ट छान आहे, पण त्या काळचा कोणताही पुरावा तिच्यामागे नाही. चंद्रकोरीच्या आकाराचा किपफर्ल हा पाव ऑस्ट्रियात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. पॅरिसला तो पोचला १८३० च्या दशकाच्या शेवटी, ऑगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन माणसाने तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली तेव्हा. लोण्याचे पदर सुटणारा आजचा क्रोसाँ फ्रेंच कारागिरांनी त्यानंतर घडवला. खरी हकीकत दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही. एक पदार्थ दोन देशांच्या हातांतून जाऊन कसा बदलतो ते तिच्यात दिसतं, आणि अशा बेकरीने नेमकं तेच सांगायला हवं.

खुद्द क्रोसाँ हा इथला सर्वांत कच्चा दुवा. साधा क्रोसाँ थंड हवेत चांगला निघतो. पिठात लोणी ठेवून तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात, आणि ते वेगळे राहिले तरच भाजताना पदर सुटतात. लोणी वाकेल इतपत मऊ आणि पसरणार नाही इतपत थंड असावं लागतं. उकाड्याच्या दिवसांत या लहान कारखान्यात ते जमत नाही. मग लोणी पिठात मुरतं आणि हाती येतो तो जड, तळाशी तेलकट पाव. माझ्या हातात असा पाव एकदाच नाही, बरेचदा आला. काउंटरवर सांगितलं की ते बदलून देतात, कधी वाद घालत नाहीत. तरी ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी तो ठेवूच नये. रायच्या बाबतीत जी शिस्त आहे ती इथे का दिसत नाही, हे मला खरंच समजत नाही.

त्यात भर म्हणून माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) क्रोसाँ, झातार (लेबनॉनकडचं मसाल्याचं मिश्रण) क्रोसाँ, दोन देश एका पावात. माचाची हिरवी मलई आत भरली की पदर ओले होतात आणि चहाचा नाजूक कडवटपणा लोण्याखाली दबतो. झातारचंही तेच. हाच झातार मनाकीशवर खाऊन बघा. रानातला थाइम हा सुगंधी पाला, सुमाक ही आंबट फळांची पूड आणि तीळ ऑलिव्ह तेलात कालवून पातळ पोळीवर बोटांनी दाबून पसरतात आणि कडक आचेवर काही मिनिटांत भाजतात. लेबनॉनच्या मनाकीशला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, आणि गरम खाल्ली तर का ते कळतं. सुमाकचा आंबटपणा तेलाला कापतो, कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ. दुकानातच उभ्याने खावी. घरी न्याल तोवर तिचं चामडं होतं.

तुर्की सिमित, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, तोही तसाच भाजल्या दिवशीच खावा. द्राक्षाच्या पातळ केलेल्या काकवीत बुडवून तिळात घोळवतात, म्हणून तीळ चिकटून बसतात आणि वरचा भाग खमंग तांबूस होतो.

बगेट, म्हणजे काठीसारखा लांब फ्रेंच पाव, ठीक आहे, त्यापलीकडे नाही. फ्रान्समध्ये १९९३ पासून नियम आहे की 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून जे विकायचं ते कोणत्याही टप्प्यावर गोठवलेलं नसावं आणि त्यात कृत्रिम पूरक घटक नसावेत. ही बेकरीही तो नियम पाळते, आणि आतल्या असमान भोकांवरून पीठ सावकाश फुगवल्याचं दिसतं. पण कवच मला पातळ वाटतं, वाफ कमी पडत असावी.

पोर्तुगालचा पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या गोड सारणाची पदरदार वाटी, मात्र त्यांना सुरेख साधला आहे. लिस्बनच्या बेलेम भागात मठातल्या पाककृतीवर १८३७ पासून तो विकला जातो. पोर्तुगालमधले मठ १८३४ मध्ये बंद झाले, त्यानंतरची ही गोष्ट. इथल्या काचेतून आत पाहता येतं. लोण्याच्या पिठाची वळी आडवी कापून प्रत्येक चकती साच्यात ठेवतात आणि ओल्या अंगठ्याने मधून बाहेर दाबत दाबत कडेपर्यंत चढवतात. चकतीतली गोल वळणं साच्याच्या भिंतीत जातात आणि भाजल्यावर त्यांचेच पदर सुटतात. भट्टी २५० अंशांच्या वर तापवलेली असते. आच कमी पडली तर अंड्याचं सारण शिजून घट्ट होतं, पण वर ते काळे ठिपके उमटत नाहीत. काळे ठिपके असलेलाच मागून घ्या, त्यांना वाईट वाटत नाही.

इंजेराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे प्रश्न आरोग्याचा आहे. इथिओपिया आणि एरिट्रियाची ही मोठी, जाळीदार, आंबूस पोळी टेफ या बारीक दाण्याच्या पिठाची असते. पीठ काही दिवस आंबवतात, तव्यावर गोल ओततात, झाकण ठेवतात आणि उलटत नाहीत. म्हणून जाळी वरच्याच बाजूला पडते आणि रस्सा तिच्यात मुरतो. इथली इंजेरा चवीला अस्सल आहे. पण सुरुवातीला तिच्यावर 'ग्लूटेनमुक्त' असं लेबल असायचं. टेफमध्ये गव्हासारखं ग्लूटेन नसतं हे खरं, पण त्याच खोलीत दिवसभर मैदा उधळत असतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकानुसार ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. मैद्याच्या धुळीत एवढी काटेकोर हमी कशी देणार? सीलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या माणसाला हे महागात पडू शकतं. एका गिऱ्हाइकाने हे दाखवून दिल्यावर त्यांनी लेबल बदललं. आता 'टेफचं पीठ, गव्हाच्या कारखान्यात बनवलेलं' असं स्पष्ट लिहितात. उशिरा का होईना, योग्य केलं. ज्यांना खरंच वर्ज्य आहे त्यांनी तरीही घेऊ नये.

याच दुकानात मी एकदा संगक या इराणी ब्रेडबद्दल विचारलं होतं. तो तापलेल्या खड्यांच्या थरावर भाजतात. मालक म्हणाले, "आमच्या भट्टीत खडे घालता येत नाहीत. साध्या लादीवर भाजून त्याला संगक म्हणणं मला पटत नाही." माचा क्रोसाँबद्दल त्यांनी असाच विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

साठवणीचं सांगायचं तर इथला कोणताही ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सर्वांत लवकर पुन्हा घट्ट होतो आणि ब्रेड शिळा लागतो. दोन दिवसांत संपत नसेल तर काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा थेट टोस्टरमध्ये भाजा. शोकुपान आणि राय दोन्ही याला उत्तम साथ देतात, बगेट देत नाही. दुकानात काप करून देतात, पण राय घरीच कापा, तो अखंड जास्त टिकतो.

डिसेंबरमधला पानेत्तोने, म्हणजे नाताळचा इटालियन गोड ब्रेड, हवा असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. इटलीत २००५ पासून नियम आहे की या नावाने विकायच्या ब्रेडमध्ये किमान १६ टक्के लोणी असावं. एवढं लोणी आणि अंडी पेलायला पिठाला दोन दिवस लागतात, आणि भाजल्यावर तो बसू नये म्हणून उलटा टांगून गार करतात. इथेही तसंच करतात, म्हणून संख्या मोजकीच असते.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुपारच्या आत जा, त्यानंतर फळ्या रिकाम्या असतात. राय आणि नाता घ्या, मनाकीश तिथेच खा. शोकुपान आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवला तर तो तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतात.