एक रुपयाची ट्रायल, गेले ३,५३८ रुपये ६४ पैसे, आणि वर "अटी वाचायच्या होत्या ना मॅडम"

एका साइटने माझ्या खात्यातून किती कापले, आधी तो आकडाच सांगून टाकते. १ रुपया, मग १,७६८ रुपये ८२ पैसे, मग परत १,७६८ रुपये ८२ पैसे. टोटल ३,५३८ रुपये ६४ पैसे. हो, लाखात नाही गेले. हे मला पोलीस ठाण्यात ऐकवून झालंय, तुम्ही तरी परत ऐकवू नका.

मी काही अडाणी नाही. अकाउंट्समध्ये काम करते, घरात सगळ्यांना ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका म्हणून ओरडणारी मीच. म्हणून तर जास्त जळतंय. आणि हे कोणी चोरून नेलेलं नाही, ओटीपी नाही, फोन नाही, काही नाही. अगदी पद्धतशीर, पावतीसकट.

एक पीडीएफवाली साइट आहे, फाइल जोडा, तोडा, साइज कमी करा त्यातली. कधीतरी फुकटात वापरली होती तेव्हा मेल आयडी मागितला होता आणि मी दिला होता, तेव्हापासून त्यांचे मेल चालू. "शेवटचा दिवस", "खरंच शेवटचा दिवस", "फक्त तुमच्यासाठी ८० टक्के सूट", दररोज. न उघडता डिलीट करायचे, सगळेच करतात. मग भाच्याच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायची वेळ आली, पोर्टल रात्री बारा वाजता बंद होणार, मार्कशीट २०० केबीच्या आत पाहिजे आणि ती काही केल्या बसेना. आणि त्या घाईत समोर नेमका त्यांचा मेल, १ रुपयात ७ दिवस सगळं वापरा. आता मला कोणी म्हणेल की हे काम फुकट होतं, मोबाईलवर होतं, ठाऊक आहे हो, पावणेबाराला सर्व्हर लटकलेला असताना तुम्ही करून दाखवा.

तर तो क्षण. तो मला अजून दिसतो. यूपीआयचं पान उघडलं, वर मोठ्या अक्षरात १ रुपया. खाली बारीक करड्या अक्षरात "कमाल रक्कम ५,००० रुपयांपर्यंत", त्याच्याखाली वारंवारता, त्याच्याखाली वैधता, आणि वैधतेचं साल इतकं लांबचं की तोपर्यंत मी असेन की नाही कोणास ठाऊक. एक रुपया द्यायला वैधता कशाला लागते? हा एवढा एक प्रश्न त्या वेळी डोक्यात यायला हवा होता. साधं पेमेंट असेल तर त्याला मुदत नसते, मुदत दिसली म्हणजे ते पेमेंट नाही, तो मॅन्डेट आहे, ऑटोपे, म्हणजे पुढेही आपल्या खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी. आणि कंपनीचं नाव पण साइटचं नव्हतं, भलतंच काहीतरी प्रायव्हेट लिमिटेड. मला वाटलं ५,००० ही आपल्या व्यवहाराची मर्यादा वगैरे असेल, बँका असल्या मर्यादा दाखवतच असतात की. पिन टाकला. फॉर्म भरला. भाच्याची ॲडमिशन झाली, तेवढं एक बरं झालं.

पुढे पिन लागतच नाही हे किती जणांना माहीत आहे? एकदा मॅन्डेटला पिन दिला की १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते पिनशिवाय कापता येतात, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आधी ५,००० ची मर्यादा होती ती २०२२ मध्ये वाढवली. लोकांची सोय. बदल्यात पैसे कापायच्या २४ तास आधी कळवायचं असं बंधन आहे. ते नोटिफिकेशन यूपीआय ॲपमध्ये येतं, आणि त्या ॲपची नोटिफिकेशनं मी बंद करून ठेवली होती कारण दिवसभर स्क्रॅच कार्ड, कॅशबॅक, लोन घ्या, सोनं घ्या. माझं चुकलं म्हणाल तर म्हणा, पण मग कामाची सूचना आणि जाहिरात एकाच भोंग्यातून का वाजवता?

आता खरी मजा. ट्रायल घेतल्यावर त्यांचे मेल दिवसाला तीन तीन यायला लागले. स्वागत, टिप्स, "तुमची फाइल तुमची वाट बघतेय". वैतागून तळाशी जाऊन अनसब्सक्राइब केलं. तिथे पण बटणं कशी, एक भलंमोठं हिरवं "नाही, मला सवलती हव्यात" आणि दुसरं पुसट "ठीक आहे, मला वेळ वाया घालवायला आवडतं". याला कन्फर्म शेमिंग म्हणतात, आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या असल्या स्क्रीनच्या मांडणीविरुद्ध, नियमावली काढली त्यातल्या १३ प्रकारांपैकी एक. सब्सक्रिप्शन ट्रॅप पण त्याच यादीत आहे. यादी चांगली आहे, वाचा, वाचताना आपल्याच फोनचं वर्णन वाटतं. तर ते पुसट बटण दाबलं, उत्तर आलं की विनंती लागू व्हायला १० कामकाजाचे दिवस लागतील. हे १० दिवस अमेरिकेच्या २००३ च्या स्पॅम कायद्यातले आहेत, तिथली कमाल मुदत उचलून इथे चिकटवलीय. साइन अप व्हायला एक सेकंद, नाव काढायला दोन आठवडे.

पहिले १,७६८.८२ गेले तेव्हा बँकेचा एसएमएस आला होता. वाचला पण होता. आमचं ब्रॉडबँडचं बिल पण असंच जीएसटी लागून पैशांत येतं, मला तेच वाटलं. पण साइटचे १,४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, हिशोब करा, बरोबर हाच आकडा येतो. रोज दुसऱ्यांची व्हाउचर तपासते मी, आणि स्वतःच्या खात्यातली नोंद नावासकट बघितली नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा तेच, आणि ब्रॉडबँड महिन्याला एवढं नाही येत, तेव्हा ट्यूब पेटली.

कस्टमर केअर म्हणजे फक्त चॅट. फोन नंबर नाही. (गूगलवर त्यांचा नंबर शोधायला जाऊ नका, वर येतात त्यातले कितीतरी नंबर ठगांचे असतात, ३,५०० चे ५०,००० व्हायला वेळ लागत नाही.) आधी बॉट, त्याने मला चार लेख वाचायला दिले. मग माणूस आला, किंवा माणसाचं नाव लावलेलं काहीतरी. त्याचं म्हणणं, ट्रायल संपत असल्याची सूचना आम्ही मेलवरच देतो, पण तुम्ही आमचे सगळे मेल अनसब्सक्राइब केलेत, मग आम्ही कळवणार कसं? मी दोनदा वाचलं. म्हटलं, अहो, ऑफरचे मेल तर आज सकाळी पण आलेत! तर उत्तर, "ते मार्केटिंग टीमचं काम आहे, त्याचा बिलिंगशी संबंध नाही." म्हणजे अनसब्सक्राइब केल्यावर जे थांबायला हवं होतं ते चालू राहिलं आणि जे यायलाच हवं होतं ते तेवढं बंद झालं. आणि हे माझ्याच माथी.

मी जरा चढ्या आवाजात लिहिलं, कबूल, कॅपिटलमध्ये लिहिलं. त्यावर, "प्रौढ ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी अटी वाचणं अपेक्षित असतं मॅडम. रिफंड पॉलिसीत बसत नाही. सदिच्छा म्हणून ५०० रुपयांचं क्रेडिट देतो, ३० दिवसांत वापरा." ५०० रुपयांत त्यांच्याकडे विकत काय घेणार मी, अजून तीन पीडीएफ? उत्तर टाइप करत होते तेवढ्यात चॅट बंद केलं आणि स्क्रीनवर पाच चांदण्या, आजचा अनुभव कसा वाटला. चॅटची प्रत मेलवर मागवली तर म्हणे तुम्ही मेल अनसब्सक्राइब केले आहेत. चॅट चालू असतानाच स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक स्क्रीनचा, तारीख दिसेल असा. माझ्याकडे शेवटचे दोनच आहेत.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पोच अगदी वेळेवर आली, कारण ती मशीनच पाठवतं. महिना उलटला, निकाल बिकाल काही नाही.

मग बँक. काउंटरवरच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, पिन कोणी टाकला? मी म्हटलं मी. मग झालं तर. अहो पण पुढच्या दोन वेळा कुठे टाकला? "मॅन्डेट तुमचाच आहे." बरं तो बंद कसा करायचा? तर म्हणे कंपनीला सांगा. साफ चूक! मॅन्डेट आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन आपणच रद्द करू शकतो, कंपनीची परवानगी लागत नाही, हे मला बँकेने नाही सांगितलं, भाच्याने सांगितलं. ("मावशी, तू हे मला आधी का नाही विचारलंस" हे त्याचं वाक्य वर बोनस.) ॲपमध्ये डिस्प्यूट टाकला, दुसऱ्या दिवशी "व्यवहार यशस्वी" म्हणून बंद. यशस्वी आहे म्हणूनच तर बोंब मारतेय ना मी!

पोलीस ठाण्यात सायबरच्या टेबलावर तरुण मुलगा होता, त्याने निदान खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, ताई, हा फ्रॉड नाही, ग्राहकाचा वाद आहे, आमच्याकडे लोकांचे लाख लाख गेलेत. कायद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर पण असेल. पण मग बँक म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते अटी वाचा, पोलीस म्हणतात ग्राहक मंच, आणि प्रत्येक ठिकाणी तेच आधार कार्ड, तेच स्टेटमेंट, तीच कहाणी पहिल्यापासून. दीड तास बाकावर बसून माझा नंबर आला तेव्हा बँकेत जेवणाची सुट्टी झाली होती, साधी पोच घ्यायला परत जावं लागलं, आणि त्या पोचेवर शिक्का मारायला सुद्धा "साहेबांना विचारतो". रजा पडली ती वेगळीच, तिचे पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एवढं मात्र करा. खऱ्या ठगाने पैसे उडवले असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिथे उशीर चालत नाही. माझ्यासारखं असेल तर १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून नंबर घ्या, पैसे मिळोत न मिळोत, पुढे कागद लागतो. बँकेला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माझे ते दिवस चालू आहेत. ट्रायल घेतलीच तर घेतल्या मिनिटाला मॅन्डेट रद्द करा, सातव्या दिवशीचा अलार्म वगैरे लावू नका. नको असलेल्या मेलचं म्हणाल तर तळाची लिंक सोडा, जीमेलमध्ये मेलच्या वरच अनसब्सक्राइब येतं ते दाबा, घाऊक मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून ते द्यावंच लागतं आणि दोन दिवसांत पाळावं लागतं. तरी आले तर सरळ स्पॅम रिपोर्ट करा. त्यांना आपल्या रागाने काही फरक पडत नाही पण स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की त्यांचे मेल लोकांपर्यंत पोचायची मारामार होते, तिथे दुखतं. आणि १९०९ चं डीएनडी, म्हणजे जाहिराती बंद करायची नोंदणी, फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलला त्याचा काही उपयोग नाही, मी करून बसलेय.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, ऑनलाइन भरता येते. मी भरतेय. साडेतीन हजारासाठी एवढं का, असं घरात विचारतील, विचारू देत.

परवा जाऊबाईंचा फोन घेऊन ऑटोपेची यादी उघडली. चार मॅन्डेट. त्यातला एक कुठल्याशा भविष्याच्या ॲपचा, आठवड्याला ९९ रुपये, गेल्या वर्षापासून. विचारलं तर म्हणाल्या, "छे गं, ते ॲप तर मी कधीच डिलीट केलं."